लोंबते दार आणि झिजलेली खीळ



मोटारीविषयी बोलू लागले की माणसे इंजिनाविषयी बोलतात. ती तेल किती खाते, चढावर दम धरते की नाही, थंडीच्या दिवसांत किती वेळ कुरकुरते, याची चर्चा ओसरीवर तासन्‌तास चालते. तिच्या दारांविषयी मात्र कोणी अवाक्षर काढीत नाही. दार उघडावे, आत बसावे आणि दार ओढून घ्यावे, एवढाच आपला त्याच्याशी संबंध. ते बिचारे वर्षानुवर्षे मुकाट्याने काम करते, आणि मग एके दिवशी सहज बंद होईनासे होते. आपण ते जोराने आपटतो. आपटल्यावर ते लागते, आणि आपले समाधान होते. हे समाधान खोटे का आहे आणि खरा उपाय कोणता, हे आज थोडे विस्ताराने पाहू.

हा विषय जुन्या गाड्यांचा आहे. हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर ही मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून घडवलेली गाडी. तिचे उत्पादन २०१४ साली थांबले. मुंबईच्या कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार होणाऱ्या फियाट ११०० ची परंपरा पुढे प्रीमियर पद्मिनीने चालवली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतील शेवटची पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. तरीही या गाड्या कोणाच्या अंगणात, कोणाच्या वाड्याच्या देवडीत जपून ठेवलेल्या आढळतात. सणासुदीला, लग्नकार्याला बाहेर निघतात. अशा गाडीचे इंजिन नवे करून घेणारे हौशी लोक पुष्कळ असतात. दाराची बिजागरी मात्र जन्मल्यापासून तीच असते.

प्रथम हे दार अंगावर कसा भार घेते ते पाहू. आपल्या जुन्या वाड्यांच्या दारांना बिजागऱ्या नसत. फळीच्या वरच्या व खालच्या टोकांना काढलेले खुंट चौकटीतल्या आणि उंबरठ्यातल्या खळग्यांत फिरत. दाराचे बहुतेक ओझे खालच्या खुंटावर, म्हणजे उंबरठ्यावर बसलेले असे. मोटारीच्या दाराला उंबरठ्याचा असा आधार नाही. ते खांबाला दोन बिजागऱ्यांनी बाजूने टांगलेले असते, आणि त्याचे सगळे वजन खांबापासून दूर हवेत तोललेले असते.

शाळेत आम्ही मुलांना तरफेचा नियम शिकवतो. तोच येथे लावून पाहावा. समजा, दाराचे वजन २५ किलो आहे, त्याचा गुरुत्वमध्य बिजागऱ्यांपासून ५० सेंटिमीटर दूर आहे, आणि वरच्या व खालच्या बिजागरीत ४० सेंटिमीटरांचे अंतर आहे. २५ ला ५० ने गुणून ४० ने भागले की ३१ किलोंहून थोडा अधिक आकडा येतो. म्हणजे दार नुसते स्थिर टांगलेले असतानाही वरची बिजागरी ३१ किलोंच्या जोराने खांबापासून बाहेर ओढली जाते, आणि खालची तेवढ्याच जोराने खांबाकडे दाबली जाते. उतरताना एखादा वजनदार गृहस्थ उघड्या दाराच्या टोकाला हात टेकून अंग उचलतो, तेव्हा हा भार कित्येक पटींनी वाढतो. तो सारा सोसते कोण? बिजागरीच्या दोन पात्यांना एकत्र गुंफणारी बोटभर लांबीची एक पोलादी खीळ, जिला कारखान्यात पिन म्हणतात.

ही खीळ सहसा एका पात्याच्या नळीत घट्ट बसवलेली असते आणि दुसऱ्या पात्याची नळी तिच्याभोवती फिरते. या फिरत्या जागी तेल असेल तोवर झीज फारच थोडी. तेल सुकले की लोखंडावर लोखंड घासू लागते. त्यात आपल्या रस्त्यांवरची धूळ शिरते. गोव्याची किंवा बेळगावकडची तांबडी माती आणि उरलासुरला तेलाचा चिकटा यांचे मिश्रण म्हणजे खीळ घासण्यासाठी खास तयार केलेली खरजच म्हणावी. समुद्रकाठी खाऱ्या हवेचा गंज तिच्या मदतीला येतो. भार नेहमी एकाच दिशेने असल्यामुळे खीळ चारी बाजूंनी सारखी झिजत नाही. ती एका अंगाने चपटी होत जाते, आणि नळीचे गोल भोक अंड्याच्या आकाराचे होते.

झीज कितीशी असणार, असे कोणी म्हणेल. पुन्हा तरफेकडे वळू. वरच्या बिजागरीत अर्धा मिलिमीटर आणि खालच्या बिजागरीत अर्धा मिलिमीटर, एवढाच सैलपणा धरा. दोन्ही मिळून एक मिलिमीटर झाला. बिजागऱ्यांतील अंतर ४० सेंटिमीटर, आणि दाराची रुंदी एक मीटर. तेव्हा बिजागरीकडचा एक मिलिमीटर कुलपाकडच्या टोकाला अडीच मिलिमीटर होतो. दाराचे टोक तेवढे खाली उतरते. कुलपाची जीभ आणि खांबावरचे तिचे घर यांची गाठ चुकते ती येथे.

आता बहुतेक ठिकाणी काय करतात ते पाहा. कुलूप लागत नाही म्हणून कुलपाचे घर, म्हणजे खांबावरची स्ट्रायकर प्लेट, सैल करून थोडी खाली सरकवतात. दार लागू लागते. काही महिन्यांनी आणखी खाली. शेवटी प्लेटची फट संपते, तेव्हा कानस घेऊन तिचे तोंड रुंद करतात. रोग एका टोकाला आणि औषध दुसऱ्या टोकाला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, असा हा कारभार आहे. याहून वाईट उपाय म्हणजे उघड्या दाराखाली लाकडी वासा घालून ते जोर लावून वर उचलणे. त्यामुळे दार तात्पुरते वर येते खरे, पण ते बिजागरीचे पाते वाकल्यामुळे किंवा खांबाचा पत्रा मुडपल्यामुळे. खीळ जशी होती तशीच राहते, आणि आता तिच्या जोडीला वाकलेला पत्रा येतो.

हा प्रश्न नुसत्या खडखडाटाचा आणि पावसात आत येणाऱ्या पाण्याचा असता, तर त्यासाठी तुमचा एवढा वेळ घेतला नसता. जुन्या गाड्यांपैकी अनेकींत आसनाचे पट्टे नाहीत. तेथे माणसाला आत धरून ठेवणारी एकच वस्तू आहे, ती म्हणजे बंद दार. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी १९५० च्या दशकात मोटार अपघातांचा पद्धतशीर अभ्यास केला, तेव्हा धडकेच्या वेळी दार उघडून माणूस बाहेर फेकला जाणे हे मृत्यूचे एक मोठे कारण असल्याचे दिसून आले. तेथील कारखान्यांनी १९५६ च्या नव्या गाड्यांपासून एकमेकांत अडकून राहणारी कुलपे बसवण्यास आरंभ केला. पुढे १९६८ पासून लागू झालेल्या तेथील सरकारी नियमाने बिजागऱ्यांचीही परीक्षा ठरवली: गाडीच्या लांबीच्या दिशेने २,५०० पौंड, म्हणजे सुमारे १,१३० किलो, आणि आडव्या दिशेने २,००० पौंड, म्हणजे सुमारे ९०० किलो इतका ओढ त्यांनी सोसला पाहिजे. कुलूप कितीही चांगले असले, तरी त्याची जीभ घरात पुरती शिरली नसेल तर त्याचा उपयोग नाही. आणि लोंबणाऱ्या दाराची जीभ पुरती शिरत नाही. ती काठावर अडकून राहते. अशा दाराला टेकून मागच्या आसनावर एखादे मूल झोपलेले असते, आणि गाडी खड्ड्यातून जाते.

येथे एका गाडीचा वेगळा उल्लेख केला पाहिजे. १९५० च्या दशकातील फियाट ११००, जिला लोकांनी तिच्या गोलमटोल आकारावरून ‘डुक्कर फियाट’ असे नाव दिले, तिची पुढची दारे उलटी उघडतात. म्हणजे त्यांच्या बिजागऱ्या पुढे नसून मधल्या खांबावर आहेत आणि कुलूप पुढच्या बाजूला आहे. नेहमीच्या गाडीचे दार चालताना सुटले, तर समोरून येणारा वारा ते पुन्हा मिटवू पाहतो. या गाडीचे पुढचे दार सुटले, तर तोच वारा ते सताड उघडतो. शिवाय पुढच्या आणि मागच्या दोन्ही दारांचे ओझे एकाच मधल्या खांबावर येते. ज्यांच्याकडे ही गाडी असेल, त्यांनी बिजागरीच्या बाबतीत दुप्पट काळजी घ्यावी.

आता परीक्षेकडे वळू. प्रथम दार बंद करून त्याच्या कडेच्या फटी पाहाव्या. बिजागरी पुढे असलेल्या दाराची पुढची फट वर रुंद आणि खाली अरुंद दिसली, आणि मागच्या टोकाला दारावरची नक्षीची रेघ शेजारच्या रेघेखाली उतरलेली दिसली, तर दार लोंबले आहे असे समजावे. मग दार अर्धे उघडावे, त्याचे टोक दोन्ही हातांनी धरून हलकेच वरखाली करावे, आणि दुसऱ्या माणसाला बिजागरीकडे निरखून पाहण्यास सांगावे. तीन गोष्टींपैकी एक दिसेल. खीळ आणि नळी यांच्यात हालचाल असेल, तर झीज खिळीची आहे. पाते खांबावर किंवा दारावर सरकत असेल, तर फक्त स्क्रू सैल आहेत. ते आवळले की काम झाले. आणि पात्यासकट खांबाचा पत्राच श्वास घेतल्यासारखा आतबाहेर होत असेल, तर खांब आतून गंजला आहे. या तिसऱ्या अवस्थेत नवी खीळ घालणे व्यर्थ होय. आधी चांगल्या पत्राकाम करणाऱ्याकडून खांब दुरुस्त करून घेतला पाहिजे.

झीज खिळीची आहे असे ठरले, की कामाला लागावे. दार बंद असतानाच कुलपाचे घर कोणत्या जागी आहे ते खुणेने टिपून ठेवावे. मग दार उघडून त्याच्या खाली जॅक लावावा, जॅकवर फळी आणि फळीवर गोणपाटाची घडी ठेवावी, आणि दाराचे ओझे त्यावर अलगद घ्यावे. जॅक केवळ आधाराला असतो. दार धरायला दुसरा माणूस हवाच. पात्यांच्या कडेने टोकदार सळईने बारीक रेघ ओढून ठेवावी, म्हणजे परत बसवताना मूळ जागा सापडेल. दार हद्दीबाहेर उघडू न देणारा पट्टा सोडवावा. नंतर स्क्रूंना हात घालावा. वर्षानुवर्षे गंजलेले स्क्रू लगेच सुटत नाहीत. आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणारे तेल घालून ठेवावे, आणि हातोड्याच्या ठोक्यासरशी फिरणारा पेचकस वापरावा. साध्या पेचकसाने झटापट केली, तर स्क्रूच्या डोक्यावरची खाच उडते आणि पुढचे काम दसपट वाढते. आणखी एक सावधगिरी: काही गाड्यांत खांबाच्या आत आटे पाडलेली सुटी पट्टी असते. सगळे स्क्रू निघाले की ती खांबाच्या पोकळीत पडू शकते. म्हणून एका स्क्रूच्या जागी लांबट स्क्रू सैल घालून तिला धरून ठेवावे.

बिजागरी टेबलावर आली की खीळ काढायची. तिच्या एका टोकाशी बहुधा बारीक दाते असतात. ते तिला एका नळीत घट्ट धरतात. ठोकायचे ते दुसऱ्या, गुळगुळीत टोकाकडून, म्हणजे दात्यांचे टोक आधी बाहेर पडेल. उलटे ठोकले, तर ते दाते साऱ्या नळ्यांतून खरडत जातात. खीळ निघाल्यावर व्हर्नियरने तिचे माप दोन ठिकाणी घ्यावे: नळीत घट्ट बसलेल्या, न झिजलेल्या भागावर आणि झिजलेल्या भागावर. पहिले माप मूळ खिळीचे, आणि दोहोंतील फरक म्हणजे झीज. नळीच्या भोकाचेही माप उभे आणि आडवे असे दोन दिशांनी घ्यावे. दोन मापे वेगळी आली, तर भोक लांबट झाले आहे.

यापुढे दोन मार्ग आहेत. भोक थोडेच लांबट झाले असेल, तर रीमर फिरवून ते पुन्हा गोल करावे आणि त्या नव्या मापाची थोडी जाड खीळ घालावी. रीमर तेल घालून, हलक्या हाताने आणि एकाच दिशेने फिरवावा. बाहेर काढतानाही उलटा फिरवू नये, कारण त्याने त्याच्या धारा बोथट होतात. शक्य असेल तर दोन्ही पाती जुळवून, शिकंज्यात धरून, सगळ्या नळ्यांतून रीमर एकदमच घालावा, म्हणजे भोके एका रेषेत येतात. भोक फार झिजले असेल, तर दुसरा मार्ग पत्करावा: फिरत्या नळीचे भोक मोठे करून त्यात गनमेटलचा किंवा फॉस्फर ब्राँझचा बुश दाबून बसवावा, आणि खीळ मूळ मापाचीच ठेवावी. बुश दाबल्यावर त्याचे भोक किंचित आवळते, म्हणून शेवटचा रीमर बुश बसल्यानंतर फिरवावा. या दुसऱ्या मार्गाचा लाभ असा, की पुढे झीज झालीच तर ती मऊ बुशात होते, आणि बुश बदलणे सोपे असते.

खीळ कशाची करावी? हाताशी असलेला बोल्ट कापून त्याची खीळ करण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो आवरावा. बोल्टाचा दांडा ठरलेल्या मापापेक्षा सहसा थोडा बारीकच असतो, आणि आटे असलेला भाग नळीला करवतीसारखा कापतो. यंत्रशाळांत सिल्व्हर स्टील या नावाने मिळणारी अचूक घासलेली सळई या कामास उत्तम. फिरत्या नळीत खीळ कशी जावी, याचे माप असे: आपल्या साध्या वहीच्या कागदाची जाडी एक दशांश मिलिमीटरच्या आसपास असते. खीळ आणि बुश यांच्यात तिच्या निम्म्याहून अधिक फट असू नये. याउलट स्थिर नळीत ती हातोड्याने ठोकूनच जावी. भोकात वेल्डिंगचा डाग भरून पुन्हा ड्रिल मारण्याचा उपाय टाळावा. डागाने धातू ठिकठिकाणी कडक होतो, ड्रिल वाट सोडते, आणि ओतीव लोखंडाची बिजागरी असेल तर तिला चीरही जाऊ शकते.

हे काम कोठे करून घ्यावे, याची चिंता नको. बेळगावची उद्यमबाग, इंदूरचा सावेर रस्ता, वडोदऱ्याचे मकरपुरा, अशा औद्योगिक वसाहती आपल्या गावांशेजारीच आहेत. लेथवर काम करणाऱ्या टर्नरपुढे झिजलेली खीळ आणि बिजागरी दोन्ही ठेवावी. नुसती खीळ नेऊन ‘अशीच दुसरी करून द्या’ असे सांगू नये. तो बिचारा झिजलेल्या मापाची नवी खीळ तयार करून देईल, आणि दोष आपल्याकडे राहील.

खिळीबरोबर आणखी एक जागा तपासावी. एका पात्याची नळी दुसऱ्याच्या नळीवर जेथे टेकते, तेथे दाराचे उभे वजन बसते. तेथील तोंडे झिजली, तर नवी खीळ घालूनही दार थोडे खाली राहते. त्या जागी पितळेची पातळ वॉशर घातली, की दार आपल्या उंचीवर येते.

दार परत चढवताना घाई करू नये. कुलपाचे घर या वेळी खांबावरून काढूनच ठेवावे. ते जागेवर असले, तर दार ओढून-ताणून आपल्या जागी आणते आणि खरी चूक झाकते. पाती जुन्या रेघांवर आणून स्क्रू बेताचे आवळावे, दार हलकेच मिटावे आणि चारी बाजूंच्या फटी पाहाव्या. चार दारांच्या गाडीत चारही दारे जुळवायची असली, तर सुरुवात मागच्या दारापासून करावी, कारण त्याच्या मागचा पत्रा हलत नाही. मग पुढचे दार मागच्याशी जुळवावे. फटी सारख्या झाल्यावर स्क्रू पुरते आवळावे, आणि सर्वांत शेवटी कुलपाचे घर बसवावे. दार मिटताना कुलपाची जीभ त्याला वर उचलत नाही किंवा खाली दाबत नाही, अशी त्याची जागा असावी. त्यावेळी आधी टिपून ठेवलेली खूण पाहा. घर तिच्याहून वर चढलेले आढळेल. इतकी वर्षे ते किती खाली ढकलले गेले होते, त्याचा तो पुरावा होय.

शेवटची परीक्षा दोन प्रकारची. कागदाची पट्टी दाराच्या रबरावर ठेवून दार मिटावे आणि पट्टी ओढावी. सगळीकडे ती सारखी अडखळत निघाली, तर दार सर्व बाजूंनी बसले आहे. मग दार एका हाताने, न आपटता, लोटून पाहावे. कुलपाचा पहिला आवाज अर्ध्या पकडीचा आणि दुसरा पुऱ्या पकडीचा असतो. दुसरा आवाज सहज ऐकू आला पाहिजे. तो ऐकू येईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये.

पुढची निगा अगदी थोडी आहे. दर दोन-तीन महिन्यांनी, आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर नेमाने, बिजागरीतली धूळ रॉकेलमध्ये बुडवलेल्या ब्रशने धुऊन काढावी, कोरडी करावी, आणि मगच तेलाचे दोन थेंब सोडावे. न धुता तेल घातले, तर आधी सांगितलेली खरज आपणच कालवल्यासारखे होते. दार हद्दीबाहेर जाऊ न देणारा पट्टा तुटला असेल तर तो आधी बदलावा. आणि घरातल्या लहानथोरांना एवढे सांगून ठेवावे, की उतरताना आधार घ्यायचा तो आसनाचा किंवा खांबाचा, दाराचा नव्हे.

या साऱ्या कामाला एक दिवस आणि दोन माणसे लागतात. खिळी व बुश यांचा खर्च गाडीच्या रंगकामाच्या मानाने क्षुल्लक असतो. आज संध्याकाळी आपल्या जुन्या गाडीपाशी जावे, एकेक दार अर्धे उघडावे आणि टोकाला धरून हलकेच उचलून पाहावे. हाताला टकटक जाणवली, तर ते दार दुरुस्त होईपर्यंत त्याच्या बाजूला मुलांना बसवू नये.